सोनुबाईंचा होकार

दहिवलीच्या कोंडाजींना कॉम्प्युटर हवा होता. नात समीक्षा शिकायला नागपूरला गेली होती आणि मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर तिचा चेहरा त्यांना नीट दिसत नव्हता.

कमलेश नावाचा पोरगा सांगत होता, तीन वर्षं आमचं इंटरनेट घ्या, कॉम्प्युटर फुकट. मध्येच सोडलंत तर कॉम्प्युटर परत. साईराज नावाचा दुसरा सांगत होता, कॉम्प्युटर निम्म्या किमतीत घ्या, वर्षभर इंटरनेट फुकट. दोघेही ओटीवर चहा पिऊन गेले. यात फुकट काय आणि विकत काय, हेच कोंडाजींना कळेना. एकट्याने त्यांनी जन्मात काही घेतलं नव्हतं.

"हिला विचारून सांगतो," त्यांनी दोघांनाही सांगितलं.

दारात विकणारा आला की हेच म्हणायचं, ही सवय. सोनुबाईंना जाऊन वर्ष झालं, वाक्य राहिलं होतं. पोरांनी फोन नंबर मागितला तेव्हा सोनुबाईंचाच दिला. तोंडपाठ तेवढा एकच होता.

दुसऱ्या दिवशी दारात दोन टेंपो उभे.

"काका, काकू हो बोलल्या!" कमलेश खोकं घेऊन आत शिरला.

"मला पण हो बोलल्या!" मागून साईराज.

कोंडाजी खोक्याच्या आडवे आले. "कोण बोललं?"

"काकू! लई घासाघीस केली. स्पीकर फुकट द्यायला लावला," कमलेश म्हणाला.

"मला बोलल्या, वायर चौकटीवरनं नको, रंग उडंल."

चौकटीला रंग सोनुबाईंनी स्वतः दिला होता. "अजून काय बोलली?" त्यांनी हळूच विचारलं.

"जेवलास का रं, बोलल्या. बोलवा की त्यांना, सही लागंल," साईराज म्हणाला.

कोंडाजींनी दाराच्या वर बोट दाखवलं. दोघे वळले. वर सोनुबाईंचा फोटो, हार घातलेला.

"ह्या... कधी?"

"गेल्या पावसाळ्यात."

साईराज खोक्यासकट पळाला. कमलेश खोकं टाकून पळाला.

कोंडाजींनी तो नंबर लावला. वर्षभरात पहिल्यांदाच.

"बोला भावजी!"

लोधिवलीची जिजा, सोनुबाईंची धाकटी बहीण. बाराव्याला कोंडाजींनीच सोनुबाईंचा फोन तिच्या हातात ठेवला होता. त्या दिवसांतलं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

"अगं, तू हो कशाला बोललीस?"

"पोरगा बोलला, काकांनी तुमाला विचारायला सांगितलंय. म्हटलं, बरं झालं, भावजी कुनाला तरी विचारायला लागलं. वरीसभर नुसतं तोंड शिवून बसला होता तुमी."

"पण दोनदा?"

"मला वाटलं तोच पोरगा परत इचारतोय! ते ऱ्हाऊ द्या, चौकट जपा. ताई रागवंल."

संध्याकाळी कमलेशचा फोन आला, नंबर शेजाऱ्यांकडून घेतलेला. "काका, कॉम्प्युटर ठेवायचा का परत न्यायचा? न्यायचा आसंल तर बाहेर आनून ठेवा. आत मी नाय येनार."

कोंडाजींनी फोटोकडे पाहिलं. "थांब रं, हिला विचारून सांगतो."

पलीकडून फोन तुटला.

कोंडाजींनी मात्र खरंच तो नंबर लावला.