वाकडी भोकं सरळ केली त्याची गोष्ट

बापूरावांना फसवणारा अजून जन्माला यायचा होता! निदान त्यांचं तरी तसं मत होतं. कसब्यात उभी हयात तांब्याची भांडी ठोकण्यात गेलेली. दूधवाल्याच्या दुधावर, रिक्षाच्या मीटरवर, इतकंच काय, देवळातल्या घंटेच्या वजनावरही त्यांचा संशय!

त्यात सून पूर्णिमाने प्रयोगाचे दोन ठोकळे घरी आणले. तुटलेल्या हाडाच्या जागी जो सच्छिद्र तुकडा बसवतात, त्याचे थ्रीडी प्रिंटरवर मोठे करून छापलेले प्लॅस्टिकचे नमुने. मोरीत तिने दोन्हींतून लाल पाणी सोडून पाहिलं. एकातून धो धो, दुसऱ्यातून सर्दी झालेल्या नाकासारखं!

"अगं, हा दुसरा माल चोंदलाय!"

"नाही हो बाबा. पोकळी दोन्हींत सारखीच आहे. फक्त एकात भोकं सरळ, दुसऱ्यात वळणाची. उद्या सरांना हेच दाखवायचंय. माझी पीएचडी अडलीय त्यावर."

पोकळी सारखी आणि पाणी कमी? पोरीला कुणीतरी गंडवलं! आधी विचारायचं ना? छे! विचारलं की कमीपणा येतो. ती भाजीला गेली आणि बापूरावांनी टोच्या काढला. आतली वळणं फोडून भोकं अशी सरळ केली, की आरपार समोरच्यांचा टीव्ही दिसावा!

दुसऱ्या दिवशी लोणी काळभोरच्या कॉलेजातून फोन. पूर्णिमा रडत होती.

"बाबा, दोन्हींतून पाणी सारखंच जातंय! दत्तप्रसाद सर म्हणतात, आधीचे आकडे मी घरी बसून रचले!"

बापूराव पायात चप्पल अडकवून थेट कॉलेजात धावले.

"साहेब, भोकं मी सरळ केली!"

सरांनी चष्म्यावरून त्यांना न्याहाळलं. "सुनेसाठी सासरा खोटं बोलतोय? आणि तेही पुण्यात? नाटक उत्तम आहे."

"अहो, माल चोंदलेला वाटला मला!"

"मुद्दाम तसा केलाय. पाणी रेंगाळलं तरच हाडाच्या पेशींना आत चिकटायला सवड मिळते. आणि इतकं बारीक काम घरी टोच्याने होतं? मी नाही मानत." सरांनी कपाटातून तसाच वळणाचा एकुलता एक जादा ठोकळा काढून टेबलावर आपटला. "यातून पाणी सोडू. कोण खोटं ते कळेलच."

हाताच्या कसबावर संशय! बापूरावांचं टाळकंच सटकलं. सर पाणी घ्यायला वळले आणि यांनी टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. कर्रर्र!

"बाबा, नको!"

ती ओरडेपर्यंत वळणं संपलीसुद्धा.

सरांनी ठोकळा डोळ्याला लावला. पलीकडे बापूरावांचा विजयी चेहरा स्वच्छ दिसत होता.

"पटलं?"

"पटलं," सर खुर्चीत बसत म्हणाले. "पूर्णिमा, तुझे आकडे खरे आहेत. आता ते सिद्ध करायला ठोकळा तेवढा उरला नाही."