जठारपेठेतलं बर्गन

मे महिन्यात भर दुपारी रेनकोट घेऊन हिंडणारा माणूस आमच्या जठारपेठेत एकच आहे: आमचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, डॉ. तायडे. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत असतं आणि हे काखेत रेनकोट सावरत जिना उतरतात.

"अहो तायडे, हे काहून?"

"बर्गनले पाऊस चालू हाय ना, वहिनी. सवय केलेली बरी."

बर्गन नॉर्वेत आहे आणि तायडे अकोल्यात. मधलं अंतर त्यांना फारसं जाणवत नाही.

संत्र्याच्या मुळांवरच्या बुरशीवर त्यांनी पीएचडी केली. तेव्हापासून ते अमरावतीच्या एका कॉलेजात जाऊन-येऊन तासिका तत्त्वावर शिकवतात आणि पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, परदेशातली प्रयोगशाळा शोधतात. इतर लोक आधी तिथल्या प्राध्यापकांचे शोधनिबंध वाचतात. तायडे आधी गाव पाहतात. नकाशावर प्रयोगशाळेपासून घरापर्यंतची वाट ठरवतात, पाव कुठल्या दुकानातून घ्यायचा ते ठरवतात, मग तिथल्या घड्याळाप्रमाणे जेवू लागतात. बर्गनच्या दिवसांत त्यांचं दुपारचं ताट चार वाजता वाढलं जायचं. अर्ज सगळ्यात शेवटी.

"उलटं करून राहिले तुम्ही," मी म्हणायची. "आधी अर्ज, मग पाव."

"पन गाव नाही आवडलं तं?"

मला कामं क्रमानं लावल्याशिवाय चैन पडत नाही. पासपोर्ट, शिफारसपत्रं, शोधनिबंध, अर्ज असं मी त्यांना लिहून दिलं. त्यांनी कागदाची आदरानं घडी घातली आणि मला बर्गनचा मासळीबाजार समजावून सांगितला. स्वतः पक्के शाकाहारी.

नकार यायचे. "सध्या निधी उपलब्ध नाही." तायडे खुलायचे. "सध्या म्हनले ना, वहिनी!" मग दोन-तीन दिवस मात्र एखादं गाव कायमचं सोडून आल्यासारखे वावरायचे.

अशा जागा बहुधा पीएचडीनंतर ठरावीक वर्षांच्या आतच मिळतात. तायडेंची ती वर्षं संपत आली होती. बर्गन शेवटचं.

ऑनलाइन मुलाखत आमच्या बैठकीत झाली, कारण इन्व्हर्टर आमच्याकडे. आवाज नको म्हणून कूलर बंद. कोट घालून, घामानं निथळत तायडे बुरशीबद्दल असे काही बोलले की इंग्रजी अर्धंच कळूनही माझी मेथी निवडायची राहिली. इतका जागा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

बर्गनची जागा मिळाली. पेढे झाले. आणि तायडे आमच्याच रस्त्यानं थांबत थांबत चालू लागले. एका संध्याकाळी किराणा दुकानासमोर दिसले, नुसतेच उभे.

"काय पाहून राहिले?"

"तिकडं कोनी इचारलं, तुमचं गाव कसं हाय, तं काय सांगू? मले इथलं काहीच मालूम नाही, वहिनी. इतके साल रायलो, पाह्याचंच रायलं."

माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली. घरापर्यंत त्यांनीच आणली. जिन्यापाशी अवघडून थांबले.

"एक इचारू? राग नका धरू. तुमचं नाव काय?"

"शालिनी," मी म्हटलं. कितीतरी वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी ते हळूच, नीट म्हणून पाहिलं. मग पिशवी पायरीवर टेकवली आणि वर गेले.