हाळु नव्हे, हळू

आमचे शेजारी दफेदार हणमोजीराव मोटारीच्या समोरून कधी जात नसत. डाव्या अंगानं जात, उजवा तळहात पुढे धरत आणि तिला तो हुंगू देत. मोटारीची ओळख पटली असं त्यांना वाटलं की मगच बॉनेटवर हात. म्हैसुराच्या साऱ्या लष्कर मोहल्ल्यात मोटारी दुरुस्त करणारे ते एकटेच, म्हणून या सोपस्काराला कोणी हसत नसे. निदान त्यांच्या मिशांच्या टप्प्यात उभं राहून तरी नाही. आणि तो टप्पा लांबचा होता. डावी मिशी माझ्या शिवणाच्या दुकानात डोकावायची तेव्हा उजवी पलीकडे त्यांच्या शेडमध्ये स्क्रू पिळत असायची.

दफेदार मूळचे महाराजांच्या घोडदळातले नालबंद. पाच पिढ्या त्यातच गेलेल्या. लढाईला समुद्रापार गेले, परतल्यावर दळ सोडलं आणि मोटारींकडे वळले. पुन्हा कधी घोड्याच्या पाठीवर बसले नाहीत, पण बोली तबेल्यातलीच राहिली. मोटारीला त्यांच्याकडे सर्दी व्हायची, मुरडा यायचा, ती रुसायची. एका कारकुनाला त्यांनी "पोटशूळ आहे" असं सांगितलं, तर तो बिचारा घरून ओव्याचा काढा घेऊन आला. काढा दफेदार प्यायले आणि मोटार संध्याकाळी बरी झाली. शपथेवर सांगतो.

अशा या दफेदारांच्या दारात एका सकाळी टी. नरसीपूरच्या नंजुंडशेट्टींची लॉरी आली. आली म्हणजे दोन बैलांनी ओढून आणली. बैलांच्या तोंडावर इतकं समाधान मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

तांदळाची पोती वाहायला शेट्टींनी ती आठ वर्षांपूर्वी घेतली होती. म्हैसुराहून नरसीपूरपर्यंत वीस मैल ती झोकात गेली आणि गावात शिरताना असा काही भोंगा वाजला की शेट्टींच्या आईच्या म्हशीनं तीन दिवस दूध दिलं नाही. "ही राक्षसीण पुन्हा सुरू झाली तर मी अन्न सोडीन," म्हातारी म्हणाली. लॉरी गोठ्यात गेली ती गेलीच. आता म्हातारी वारली होती. वय आठ वर्षं आणि चाल वीस मैल, अशी ही लॉरी होती.

"हाळु, दफेदार्रे! पूर्ती हाळु!" शेट्टी कपाळ पुसत म्हणाले. "सोमवारपर्यंत बघा. नाही चालली तर लोहाराला तोडायला देतो."

कानडीत हाळु म्हणजे नासलेलं, वाया गेलेलं. पण दफेदारांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "हळू? मग चालते की! हळूवर औषध आहे माझ्याकडे."

"अय्यो, हाऽळु!" शेट्टींनी 'हा' पार चामुंडीच्या डोंगरापर्यंत लांबवला.

"तेच ते. हळू."

गल्ली पोट धरून हसली. पाच पिढ्या म्हैसुराचं पाणी पिऊन म्हाताऱ्याला हाळु आणि हळू यांतला फरक कळत नाही! मीही हसलो. नंतर चार दिवस गिऱ्हाइकांना ती नक्कल करून दाखवली.

दफेदारांनी मात्र पहिला दिवस लॉरीला नुसता हुंगू देण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी टाकी उघडली. पेट्रोलचा गुळाच्या पाकासारखा चिकटा झाला होता. कार्ब्युरेटरमधलं बूच सुकून बोराएवढं झालं होतं. धुराच्या नळीत उंदरांनी घर केलं होतं. माझ्या मते तिसऱ्या पिढीची लग्नंही तिथंच लागली असावीत. झडपा जाम झाल्या होत्या. त्यांवर एरंडेलाचे थेंब सोडत दफेदार लाकडी हातोडीनं टिचक्या मारत बसायचे. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोला ओल धरली होती, तर तो सोडवून घरी नेला आणि रागीच्या उकडलेल्या गोळ्यांच्या पातेल्याशेजारी चुलीच्या उबेला दोन दिवस ठेवला. घरात एकटेच असायचे. त्या दोन दिवसांत भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं ऐकू यायचं: "स्वल्प थांब. घाई बेडा, घाई नको."

"काय झालंय तिला?" मी विचारलं.

"उभी राहिली, शिंपीबुवा. दुसरं काही नाही. धावून कोणी इतकं झिजत नाही, उभं राहून झिजतं."

रविवारी सगळं जुळलं आणि पंख्याचा पट्टा तुटला. कातडं वाळून पापड झालं होतं, आणि तसला पट्टा अख्ख्या म्हैसुरात नव्हता. दफेदार घरात गेले. बराच वेळ ट्रंकेचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा हातात खोगिराचा तंग होता, घोड्याच्या पोटाखालून आवळतात तो चामड्याचा पट्टा. तेल पाजून मऊ ठेवलेला. त्याचा एक लांब तुकडा त्यांनी स्वतःच कापला आणि माझ्यापुढे धरला. "टोकं शिवून दे. दुहेरी टाका."

मी जाड सुई घेतली. कातड्यावर लाल दोऱ्यानं भरलेलं नाव होतं: कस्तुरी.

"ही कोण?"

दफेदार लॉरीकडे बघत म्हणाले, "परतताना जहाजात माणसांना जागा होती, जनावरांना नव्हती. कुठलं विकायचं, कुठल्याला गोळी, ते घोड्यांचा डॉक्टर ठरवायचा. त्याच्या हाताखालचा माणूस आपल्या इकडचाच. त्यानं कस्तुरीचा मागचा पाय उचलला आणि म्हणाला, हाळु. नुसती सूज होती, शिंपीबुवा. चार दिवसांत उतरली असती. नालबंद मी होतो, मला ठाऊक होतं. पण मी सुम्मने, गप्प उभा राहिलो. सलाम केला आणि खोगीर उचलून आणलं."

मी सुईत दुहेरी दोरा ओवला.

"कानडी मला तुझ्याहून चांगली येते," ते म्हणाले. "तेव्हा शब्द बरोबर ऐकला होता. आता नाही ऐकत. शीव."

मी शिवलं. नवरदेवाच्या कोटाला घातले नसतील असे टाके घातले.

सोमवारी शेट्टी ड्रायव्हर घेऊन आले, आणि घण घेऊन लोहारही. दफेदारांनी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. लॉरी शिंकली. लोहारानं घण खांद्यावरून खाली घेतला. दफेदारांनी बॉनेटवर तळहात टेकवला, काहीतरी पुटपुटले आणि तिसऱ्यांदा हँडल मारलं. अशी गरजली की गल्लीतली कौलं हलली! पट्टा सरसर फिरत होता; त्यावरचं लाल नाव दिसत नव्हतं, नुसती लाल रेघ दिसत होती.

"हाळु नाही म्हणायचं तर!" शेट्टी ओरडले.

"रोज थोडी फिरवा," दफेदार म्हणाले. "उभी ठेवू नका."

लॉरी निघाली. डाव्या अंगानं, मडगार्डवर हात ठेवून दफेदार तिच्याबरोबर चालत गेले. "हळू, बाई. हळू." गल्लीच्या टोकाला ती वळली आणि ते थांबले.

आवाज पार विरला तरी म्हातारा तिथंच उभा होता, तळहात पुढे धरून.