आमदारांकडे दिलेली वाट

मतदारांच्या वतीने वाट पाहायचं काम हिंगणवाडीचे आमदार भास्करराव खैरमोडे यांनी गेल्या पावसाळी अधिवेशनानंतर अंगावर घेतलं, आणि थोड्याच दिवसांत ते तालुक्यात चांगलं रुळलं.

त्याआधी ते इतर आमदारांसारखीच कामं करत. रस्ते, विजेची रोहित्रं, शाळेच्या खोल्या, कुणाची बदली. माणूस काम घेऊन आला की ते मान डोलावून "बघतो" म्हणत, आणि आलेला माणूस काय ते समजून घरी जाई.

सोजरबाई गव्हाणे मात्र तसं समजून जाणाऱ्यातली नव्हती. तिचा नवरा कधीच गेलेला. एकुलता एक मुलगा अंकुश सुरतेला यंत्रमागावर कामाला गेला होता आणि कित्येक वर्षांत गावाकडे फिरकला नव्हता. रोज दिवस कलला की ती दारात उभी राहून त्याची वाट बघायची. आमदारांच्या जनता दरबारात तिने घरकुल मागितलं नाही की निराधारांचा पगार मागितला नाही.

"सायेब, गुडघ्यामुळं आता उभं राहवत न्हाई," ती म्हणाली. "तुमी आमच्या वतीनं मुंबईला बोलता, आमच्या वतीनं हात वर करता. तेवढी आमच्या अंकुशची वाट बघा."

"बघतो," भास्करराव सवयीने म्हणाले.

त्यांनी शब्द दिला आणि तिच्याकडची वाट त्यांच्याकडे आली. सोजरबाई घरी जाऊन गाढ झोपली, उठल्यावर तिने दाराशी वाल लावले. इकडे जिल्ह्याच्या नियोजन बैठकीत दार जरा करकरलं की भास्करराव मान वर करून बघू लागले. कुणी यायचंय का, असं पालकमंत्र्यांनी विचारलं. अंकुश यायचाय, असं त्यांनी सांगितलं. पालकमंत्र्यांनी तशी इतिवृत्तात नोंद घ्यायला लावली आणि बैठक पाणीपुरवठ्याकडे वळली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक आपापली वाट घेऊन येऊ लागले. कुणाची मुलगी रुसून नागपूरला गेली होती, कुणाचा भाऊ वाटणीनंतर बोलत नव्हता, एका निवृत्त मास्तरांना नातवाच्या फोनची वाट होती. भास्कररावांचे स्वीय सहायक दिगंबर लोखंडे आलेल्यांची विचारपूस करून कामाचे वाटे पाडत. शेजारच्या मतदारसंघातल्या वाटा परत पाठवल्या जात. कापसाच्या भावाची वाट कृषी खात्याकडे वर्ग झाली. माणसाची वाट असेल तर मात्र भास्करराव कुणाला नाही म्हणत नसत.

हिवाळी अधिवेशनात विरोधकांनी प्रश्न टाकला की, एक सदस्य मतदारांच्या वाटा स्वतः पाहत आहेत हे खरे आहे काय. हे अंशतः खरे आहे, असं संबंधित मंत्र्यांनी उत्तर दिलं. बाक वाजले आणि पुढचा प्रश्न पुकारला गेला.

वाट पाहायची तर येणारी माणसं उतरतात तिथेच पाहिली पाहिजे, म्हणून भास्करराव एसटी स्टँडवर बसू लागले. आगारप्रमुखांनी त्यांना फलाटाच्या टोकाचं बाकडं दिलं. गाडी आत वळली की ते उठत, उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखत आणि शेवटचा माणूस उतरला की पुन्हा बसत. सुरुवातीला कार्यकर्ते सोबत असत. पण दुसऱ्याची वाट पाहणाऱ्या माणसाजवळ बसणं फार जड जातं. तो तुमच्याशी बोलतो आणि नजर तुमच्या खांद्यावरून पलीकडे असते. हळूहळू कार्यकर्ते यायचे बंद झाले. लोखंडेही सह्यांपुरते येऊन जात.

गाव मात्र हलकं झालं होतं. उंबऱ्यात कुणी उभं राहत नव्हतं, गाडीचा भोंगा ऐकून कुणी भाकरी अर्धी टाकून उठत नव्हतं. स्टँडवर कुणाला घ्यायलाही कुणी येईना. साऱ्या गावाच्या वाटा एका माणसाच्या छातीत साठल्या होत्या आणि तो माणूस बाकड्यावर एकटाच होता. घरून त्यांची बायको शालनताई डबा पाठवायच्या. तो बऱ्याचदा तसाच परत जायचा.

मग एका दुपारी सुरतेची गाडी आली. तिच्यातून एक पोक काढून चालणारा माणूस उतरला. भास्कररावांनी अंकुशला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला ओळखायला त्यांना विचारावं लागलं नाही. ते जवळजवळ पळतच गेले. त्याच्या हातातली पिशवी घेतली, त्याच्या गालावरून हात फिरवला.

"किती वाळलास रे," ते म्हणाले.

अंकुश अवघडून उभा राहिला. आमदारांचं तोंड त्याने निवडणुकीच्या पत्रकावर पाहिलं होतं. त्याने वाकून नमस्कार केला आणि आई कुठे आहे, असं विचारलं. भास्कररावांनी डोळे पुसले. जेवलास का, गाडीत बसायला जागा मिळाली का, एवढ्या दिवसांत एक निरोप का धाडला नाहीस, असं सगळं विचारत ते त्याला घरी घेऊन गेले.

सोजरबाई अंगणात वालाच्या शेंगा तोडत होती. तिने मुलाकडे पाहिलं. "आलास व्हय? बस," असं मायेनंच म्हणाली, तांब्या भरून दिला आणि पुन्हा शेंगांकडे वळली. अंकुश तांब्या हातात धरून उभाच राहिला.

भास्कररावांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की, पोरगा आला आहे, हवी असेल तर तिची वाट ते आत्ता परत करतात. सोजरबाईने जरा विचार केला. ती म्हणाली की, आता तो आलाय तर वाटेचं करायचं काय, आणि उद्या तो पुन्हा जाईल तेव्हा ती तिला झेपायची नाही. पोरगा तिला दिसतो आहे, तो बरा आहे, एवढ्यात तिचं भागतं.

अंकुश सुट्टीभर आईकडे जेवला, तिच्या घराची कौलं त्याने चाळून दिली. पण ऊन उतरलं की तो स्टँडवर येऊन भास्कररावांच्या शेजारी बसे. मागाचा आवाज कानात कसा राहतो, खोलीत किती जण झोपतात, असं काहीबाही सांगत राही. ऐकताना भास्कररावांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे जात नसे. परत जाताना गाडीच्या पायरीवरून तो "येतो" म्हणाला. आई घरीच होती. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि त्याची वाट पहिल्यासारखी सुरू झाली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी डब्याबरोबर शालनताई स्वतःच आल्या. लग्नापासून त्यांनी या माणसाची वाट पाहिली होती. सभांवरून, दौऱ्यांवरून, अधिवेशनांवरून. त्या बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत राहिल्या.

"अहो, माझं नावही याच मतदारसंघाच्या यादीत आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

भास्कररावांनी डबा बाजूला ठेवला.

"मला आता तुमची वाट बघवत नाही. तेवढी तुम्ही बघा."

हे सोडून दुसरं काहीही माग, असं त्यांना म्हणायचं होतं. पण माणसाची वाट आणलेल्या कुठल्याही मतदाराला त्यांनी परत पाठवलं नव्हतं, आणि घरच्या माणसाला वेगळा न्याय लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मान हलवली. शालनताईंनी मोठा श्वास सोडला, पदर सारखा केला आणि भाजी घ्यायला त्या बाजारात गेल्या. जाताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या. तो आवाज भास्कररावांनी फार वर्षांत ऐकला नव्हता.

दिवेलागणीला ते स्टँडवरून उठले. शालनताईंनी दिलेली वाट स्टँडवर पाहण्यासारखी नव्हती. घरी येऊन ते पायरीवर बसले आणि रस्त्याकडे बघू लागले. फाटकाशी कुणाची चाहूल लागली की ते सावरून बसत. माणूस पुढे निघून जाई.

आतून शालनताईंनी ताट वाढू का, असं विचारलं.

"थोडं थांबू," भास्करराव म्हणाले. "ह्यांना येऊ दे."

"बरं," म्हणून त्यांनी एक ताट झाकून ठेवलं, दुसऱ्यात स्वतःला वाढून घेतलं आणि त्या जेवायला बसल्या.