गोदाकाकूचं सासर

आमच्या शेजारी गोदाकाकूचं सासर बांधलेलं असे. चार शेळ्या आणि एक बोकड.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा वाशीमच्या शाळेत मास्तर होतो. गोदाकाकू माळ्याची विधवा. नवरा गेल्यावर सासूनं तिला केनवडच्या घरातून हाकललं. मग तिनं इथं येऊन वांग्या-मेथीपुरता एक तुकडा कसायला घेतला, शेळ्या पाळल्या आणि त्यांना मोठ्या प्रेमानं सासरच्यांची नावं दिली. सगळ्यात खादाड शेळी ती 'सासूबाई'. बोकड 'भाऊजी'. रोज सकाळी कुडापलीकडून आरोळी येई, "सासूबाई, मेथीले तोंड लावलं तं तंगडी तोडीन!" मुलीसाठी आमच्या गल्लीत स्थळ पाहायला आलेला माझा एक पाहुणा हे ऐकून चहाही न घेता परत गेला.

शेळीपालनाचे धडे काकू फुकट देई. नको म्हणायची सोय नव्हती. "ध्यानात ठेवा मास्तर, जनावराले धाक पायजे. लाड केले का डोक्शावर बसते." हे सांगताना तिच्या मांडीवरचं करडू तिचा पदर चघळत असे. एकदा थंडीत तिनं आपलं एकुलतं घोंगडं शेळीवर टाकलेलं दिसलं. मी विचारलं, तर खेकसली, "माया नाई लावून राह्यली मी! खोकला झाला तं दूध आटते." बाई स्वतः आठवडाभर खोकत होती. तिचं दूध कोणी काढत नव्हतं, म्हणून चालत असावं.

एका दुपारी खरी सासू दारात उभी राहिली. वाकलेली, हातात गाठोडं. धाकट्या मुलानं घराबाहेर काढलं होतं. मी ताबडतोब कुडाच्या फटीला डोळा लावला. असा तमाशा वाशीमात रोज होत नाही.

तेवढ्यात त्या खादाड शेळीनं गाठोड्यात तोंड घातलं. काकूनं सवयीनं तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाली, "हट वं... चांदे!" शेळीनं अर्थातच ओळख दाखवली नाही.

"गोदे, मले खायले नको देऊ," म्हातारी म्हणाली. "कोपऱ्यात पडून राहीन."

"पडून कायले राह्यता? मले गोठा झाडाले मानूस भेटून नाई राह्यलं. तुमी झाडा, अन् हक्कानं जेवा."

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं गोठा झाडला. अर्ध्या लेंड्या जागच्या जागीच राहिल्या.

"बेस झाडलं," काकू म्हणाली. "चला, भाकर खा."

म्हातारी पाठमोरी जेवायला बसली. काकूनं खराटा उचलला. मग आवाज होईल म्हणून तो हळूच खाली ठेवला आणि एकेक लेंडी हातानं वेचू लागली.