विमलाबाईंची अकरा आवर्तनं

सकाळचे साडेसात वाजले होते आणि विमलाबाई सातव्या आवर्तनात होत्या.

याआधी त्या कधी तिसऱ्याच्या पुढे गेल्या नव्हत्या. रात्री झोप नाही, दिवसभर जीव घाबराघुबरा, म्हणून त्यांनी क्षमाताईंचा योगवर्ग लावला होता. वज्रासनात बसायचं, चार मोजत श्वास घेत हात वर न्यायचे, सहा मोजत श्वास सोडत कपाळ जमिनीला टेकवायचं. रोज घरी अशी अकरा आवर्तनं. "मध्ये बोललात, तर पुन्हा एकपासून," असं क्षमाताईंनी बजावलं होतं. बाकीच्या बायकांना ही अट नव्हती. विमलाबाई सलग दहा श्वास गप्प बसल्याचं तात्यापाऱ्याच्या अख्ख्या वस्तीत कोणालाच आठवत नव्हतं.

"विमला, माह्ये मोजे कुठं ठेवले?" नवरा नरहर दारात येऊन उभा राहिला. त्याला रेल्वेच्या ऑफिसात जायची घाई होती.

दोरीवर आहेत, हे विमलाबाईंच्या ओठांपर्यंत आलं. पण सहा आवर्तनांची कमाई घालवायची कशी? त्यांनी नुसते डोळे मोठे केले आणि हात वर नेले.

नरहर चपापला. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"काहून अशी पाहून राहिली?"

विमलाबाईंनी लांब श्वास सोडला आणि हळूहळू कपाळ जमिनीकडे नेलं.

"म्हणजे तुले समजलं वाटते," नरहर खुर्चीवर बसलाच. "हे पाह्य, मी त्याले दहादा म्हटलं, मायले सांगून टाक म्हणून. पोट्टा आयकतच नाही. दोन महिने झाले कोचिंग सोडून. मी काय करू सांग?"

विमलाबाईंची मोजणी पाचावर अडकली. कोचिंग? लेकाचं, चिरागचं? बँकेच्या परीक्षेचं? तोंड उघडायला त्यांचा जीव कासावीस झाला. पण आपण बोललो की नवरा सावध होणार, हे त्यांना लख्ख दिसलं. त्या आठव्या आवर्तनासाठी वर आल्या. डोळे लाल, हात आभाळाकडे.

"चिराग! इकडे ये आधी!" नरहर ओरडला. "तुह्या मायले सगळं समजलं!"

चिराग दात घासता घासताच आला. आईचे वर गेलेले हात पाहून त्याने ब्रश खाली केला.

"मम्मी, ऐसे भगवान को मत बुलाओ, प्लीज. मैं बताने ही वाला था. शंकर नगर में दोस्त के साथ चाय का कैफे खोला है. अच्छा चल रहा है, सच्ची."

विमलाबाई खाली गेल्या. या वेळी जरा जोरातच. कपाळ फरशीवर टक्कन आपटलं.

"मम्मी, कुछ तो बोलो!"

तेवढ्यात सासूबाई, अंजनाबाई, मटारांची परात घेऊन आल्या आणि सुनेच्या समोर पाट टाकून बसल्या. एक शेंग फोडली, दाणे परातीत पाडले, सुनेकडे पाहिलं. दुसरी शेंग फोडली. पुन्हा पाहिलं.

नववं आवर्तन कसंबसं झालं. दहाव्यासाठी विमलाबाईंनी हात वर नेले. म्हातारी पाहतच होती. हिला कळलं का? कोणी सांगितलं? नणंद शांतानंच फोन केला असेल!

"हो, मीच सांगितलं!" विमलाबाई एकदम फुटल्या. "शांतावन्संले मीच म्हटलं, पोट्टा बँकेत लागला म्हणून! मले काय माहीत, त्या लगेच स्थळ पाठवतीन! रविवारी पोरीकडचे येऊन राहिले!"

नरहरच्या तोंडाचा आ झाला. "कौनसी पोरी?" चिरागने विचारलं.

"मी तर मटार सोलाले बसली होती," अंजनाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण कॅफे मले माहीत आहे. भजनाच्या बायकांसंगं जाते मी. पोट्टा चहात आलं थोडं जास्त टाकते."

"तुम्हाले माहीत होतं? मग मले काहून नाही सांगितलं?"

"कवा सांगू, बाई? तू आज पहिल्यांदा चूप बसली."

रविवारपर्यंत घरात कोणाचा पाय ठरला नाही. पोरीकडच्यांना फोन करून खरं सांगायचं रोज ठरे आणि रोज राहून जाई. शेवटी नरहरने जाहीर केलं, की पाहुण्यांना चहा देऊन मग आपण स्वतःच सांगू. पाहुणे आले. मुलगी राधिका, तिचे आईवडील. चहा चिरागने केला. नरहरने तीनदा घसा खाकरला.

राधिकाने पहिला घोट घेतला आणि तिचा चेहरा खुलला. "अरे, ये तो शंकर नगर वाली चाय है! आप वही हो ना? मैं तो रोज तीन बजे आती हूँ!"

चिराग कानापर्यंत लाल झाला. विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आता सगळं बाहेर येणार.

पण राधिकाच्या आईने कप बशीत ठेवला आणि लेकीकडे वळून हळूच विचारलं, "तीन वाजता? तीन वाजता तू ऑफिसात असते ना?"

राधिकाने वडिलांकडे पाहिलं. तिचे वडील मात्र घाईघाईने बिस्किटांच्या बशीकडे वळले.