बदलू नये

माणूस आपले मूल शाळेत सोडताना त्याच्या सदऱ्याची बटणे मोजत नाही. ऑपरेशनला जाताना आपल्या आत एकूण किती अवयव आहेत, याची पावतीही मागत नाही. मोटारसायकल सर्व्हिसिंगला टाकताना मात्र याच माणसाची दक्षता जागी होते, आणि ते योग्यच आहे. मूल काय, संध्याकाळी आपलेच परत येते. कार्ब्युरेटरची हमी कोण देणार?

आमचे शेजारी प्रभाकर हे विमा अधिकारी. सांगलीहून निघून पाच बदल्या झेलत जयपूरला सी-स्कीम वस्तीत स्थिरावलेले. लग्नाच्या वर्षी घेतलेली मोटारसायकल पाचही बदल्यांत सोबत होती. तिचा एकही भाग आजवर बदललेला नाही, असे ते अभिमानाने सांगतात. (टायर, चेन आणि ब्रेक सोडून. ते त्यांना ‘भाग’ म्हणून मान्य नाहीत.) त्यातही हॉर्न खास. त्याचा आवाज सर्दी झालेल्या म्हशीसारखा आहे. संध्याकाळी तो कोपऱ्यावर वाजला की तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या पत्नी मधुमतीवहिनी चहाचे आधण ठेवतात. घड्याळ बघावे लागत नाही. हा हॉर्न कुणी लंपास केला तर चहा कुणाच्या भरवशावर करायचा, ही भीती मला मनापासून पटत असे.

म्हणून प्रभाकररावांनी एक कार्यपद्धती आखली होती. तिच्यामुळे गेल्या चार वर्षांत त्यांच्या गाडीचा एक नटही चोरीला गेला नाही. (चार वर्षांत गाडी सर्व्हिसिंगला टाकलीच नव्हती.) पद्धत अशी: गाडीचे सर्व बाजूंनी चौसष्ट फोटो काढणे. (पैकी अकरांत त्यांचा अंगठा आहे; अंगठाही गहाळ झाला नसल्याचा पुरावा म्हणून ते जपले आहेत.) पेट्रोल गॅरेजपर्यंत पुरेल इतकेच ठेवणे. आणि चोरीस पात्र अशा सत्तावीस भागांवर ठसठशीत चिठ्ठी चिकटवणे: ‘बदलू नये’.

यंदा गाडी टाकायची ठरली, तेव्हा चिठ्ठ्या लिहिल्या भार्गवीने. ही त्यांची मुलगी. देवनागरी शिकली ती जयपूरच्या शाळेत, हिंदीतून. सत्ताविसावी चिठ्ठी लिहून तिने विचारले, “बाबा, मतलब सगळंच नये?”

“सगळंच! एक पण सोडायचं नाही.”

“ठीक है,” ती म्हणाली. लेकीला मराठी कळू लागले म्हणून प्रभाकररावांचे डोळे पाणावले.

पेट्रोलचा हिशेब थोडा काटेकोर निघाला. अजमेरी गेटला गाडी बंद पडली आणि चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, गॅरेजपर्यंत प्रभाकररावांनी आणि मी ती ढकलत नेली. गॅरेजवाले कौशिकजी पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ. त्यांनी चष्मा चढवून एकेक चिठ्ठी वाचली.

“साब, जो लिखा है वही करना है?”

“वही! एक अक्षर इधर-उधर नहीं,” प्रभाकरराव करड्या आवाजात म्हणाले. मग कौशिकजींचेच पेन घेऊन त्यांनी सत्तावीस भागांच्या यादीवर दोन प्रतींत सही केली.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा गाडी नवरीसारखी उभी होती. शेजारी एक पोते. पोत्यात सत्तावीस जुने भाग, प्रत्येकावर चिठ्ठी शाबूत. मराठीत ‘नये’ म्हणजे मनाई. हिंदीत ‘नये’ म्हणजे कोरे करकरीत. कौशिकजींनी ‘बदलू’चा अर्थ ‘बदलो’ असा लावून घेतला होता. (परमुलखातल्या माणसाचे शुद्धलेखन त्यांनी मोठ्या मनाने माफ केले होते.) दोन दिवस सारा बाजार पालथा घालून त्यांनी आज्ञा अक्षरशः पाळली होती.

प्रभाकररावांनी पोते यादीशी ताडून पाहिले. चोरी: निरंक. गहाळ: निरंक. कार्यपद्धती शंभर टक्के यशस्वी झाली होती. फक्त मोटारसायकल दुसरीच होती.

घरी येऊन त्यांनी कोपऱ्यावर हॉर्न दिला. तो शिट्टीसारखा गोड वाजला. गॅलरीत कुणी आले नाही. बिल्डिंगखाली येऊन त्यांनी आणखी तीनदा वाजवला, तेव्हा मधुमतीवहिनी आतूनच ओरडल्या, “भैया, कुछ नहीं चाहिए, आगे जाओ!” त्या संध्याकाळी प्रभाकरराव फार वेळ पायरीवर बसून राहिले. मला त्यांचे खरेच वाईट वाटले.

सकाळी आम्ही पोत्यातला हॉर्न घेऊन पुन्हा गॅरेजला गेलो. चूक कळल्यावर कौशिकजींनी कान पकडले. “साब, चालीस साल में किसी का एक नट नहीं रखा,” असे म्हणत त्यांनी हॉर्न स्वतः बसवला, वाजवून दाखवला, आणि मजुरीला हात लावला नाही. मग काम झाल्याची पोच हवी म्हणून पेन शोधू लागले. टेबलावर नाही, गल्ल्यात नाही.

“तीन दिन पहले तो यहीं था,” ते पुटपुटले.

प्रभाकररावांनी खिशातून पेन काढले, पोच लिहून दिली, तिच्यावर ‘चोरी: निरंक’ लिहून सही केली, आणि पेन पुन्हा खिशाला लावले. कौशिकजींनी ते पाहिले. मग पोच घडी घालून गल्ल्यात ठेवली.

वाचकहो, कौशिकजी आता काय लांबवतात, इकडे आपण पहिल्यापासून डोळे लावून बसला होतात. हरकत नाही, मीही होतो. आता तेवढे आपल्या खिशातले पेन काढून बघा, कोणाचे आहे ते.